मेजर, मायनर आणि नाटक मंडळी

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात न्यू जर्सीमधील एका जुन्या स्नेह्यांकडे आमचा आठवडाभर मुक्काम होता. पाहुण्याने यजमानांच्या घरगुती वादात पडू नये, हा संकेत आम्हांला ठाऊक आहे. पण तिसऱ्या दिवशी रात्री आमटीभात वाढता वाढता वहिनींनी आम्हांला पंच नेमूनच टाकले. घरची कन्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात जाणार होती आणि तिला म्युझिकल थिएटरची पदवी घ्यायची होती. वडिलांचे म्हणणे, संगणकशास्त्र मेजर ठेवावे आणि नाटक मायनर. वहिनींचे म्हणणे, दोन्ही मेजर करावीत, म्हणजे कोणाचेच मन मोडायला नको. कन्येचे म्हणणे एवढेच, की दिवसाचे तास चोवीस असतात.

"तुम्ही संगीत नाटकांवर इतकं लिहिता, तुम्हीच सांगा तिला," स्नेही म्हणाले.

आम्हीही उत्साहाने सांगू लागलो. अण्णासाहेब किर्लोस्कर महसूल कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते आणि त्या नोकरीत असतानाच १८८० साली पुण्यात त्यांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. गोविंद बल्लाळ देवल मास्तर होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर एलएल.बी. होऊन वऱ्हाडात वकिली करीत आणि 'मूकनायक' लिहिणाऱ्या याच गृहस्थांनी 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथही सिद्ध केला. 'मानापमान' लिहिणारे खाडिलकर 'केसरी'चे संपादक. स्नेह्यांचा चेहरा उजळत गेला. कन्येने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "काका, हे सगळे लिहिणारे झाले. गाणारे काय शिकले होते?"

आम्ही पाण्याचा पेला उचलला. गाणारे दुसरे काही शिकले नव्हते. नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले तेव्हा त्यांचे वय सतराच्या आसपास होते. त्यानंतरची त्यांची शाळा, कॉलेज आणि घरही कंपनीच. वसंतराव देशपांड्यांनी लष्करी हिशेबाच्या कचेरीत वर्षानुवर्षे कारकुनी केली हे खरे, पण ती नोकरी होती. दुसरी विद्या नव्हे. त्या रात्री आमचा निवाडा अपुरा राहिला. परत आल्यावर आम्ही या प्रश्नाचा अमेरिकेतील इतिहास चाळू लागलो. मेजर-मायनर ही भाषा तिकडची, ती पदवी तिकडची, तेव्हा उत्तरही तिकडेच शोधायला हवे होते. (त्यांच्या प्रकाराला आम्ही येथे म्युझिकलच म्हणणार आहोत. 'संगीत नाटक' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे नांदी उभी राहते, आणि 'संगीतिका' म्हटले की ऑपेरा.)

अमेरिकेतील विद्यापीठांत म्युझिकल शिरले ते पुढच्या दाराने नव्हे. हार्वर्डमधील हेस्टी पुडिंग हा विद्यार्थ्यांचा क्लब १७९५ सालचा; त्याने १८४४ मध्ये पहिले नाटक केले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मास्क अँड विग क्लब निघाला, १८८९ मध्ये. प्रिन्स्टनची नाट्यसंस्था १८९१ची. दोनच वर्षांत तिला ट्रँगल क्लब हे नाव मिळाले. कोलंबियाचा व्हर्सिटी शो १८९४ पासूनचा आणि त्याचा मूळ हेतू मैदानी खेळांच्या संघांसाठी पैसा उभारणे हा होता! हे सारे पुरुषांचे क्लब. त्यामुळे स्त्रीभूमिकाही मुलगेच करीत, आणि पातळे नेसलेल्या आपल्या नटांच्या छायाचित्रांशेजारी प्रिन्स्टनच्या झालरीवाल्या मुलांची छायाचित्रे ठेवली तर विशेष फरक दिसू नये. या क्लबांतील गाण्याबजावण्याला गुण नव्हते, परीक्षा नव्हती. उलट ज्याचे गुण कमी पडत त्याला क्लबच्या पदांवरून दूर ठेवीत. ट्रँगलसाठी पदे रचण्यात रात्री घालवणारा स्कॉट फिट्झजेराल्ड याच कात्रीत सापडला आणि १९१७ मध्ये पदवीवाचूनच प्रिन्स्टनबाहेर पडला.

दिवसा एक विद्या आणि रात्री म्युझिकल, अशी ही व्यवस्था होती. ब्रॉडवे म्युझिकल ज्यांनी घडवले त्यांपैकी किती जण या व्यवस्थेतून आले हे पाहिले म्हणजे स्नेह्यांच्या पक्षाला जोर येतो.

कोल पोर्टर येल विद्यापीठात १९०९ ते १९१३ होता. त्याचे मेजर इंग्रजी आणि मायनर संगीत. न्यू जर्सीच्या त्या टेबलावर चाललेली वाटाघाट शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने जशीच्या तशी अमलात आणली होती. येलमध्ये असताना त्याने सुमारे तीनशे गाणी रचली. फुटबॉल सामन्यांत ओरडून म्हणायची गाणीसुद्धा त्यांत आली. मग घरची अट म्हणून तो हार्वर्डला कायदा शिकायला गेला. ही अट श्रीमंत आजोबांची. तेथे कायद्याच्या विभागप्रमुखांनीच त्याला, बाबा रे, तू संगीताकडे जा, असे सुचवले. तो गेला. आईला हे ठाऊक होते. आजोबांना मात्र पत्ता लागू दिला नाही. हा प्रसंग नावे बदलून सदाशिव पेठेत घडवला तरी एक शब्द बदलावा लागणार नाही.

ऑस्कर हॅमरस्टाइनची कथा अधिक गंभीर आहे. घराणेच नाटकाचे: आजोबांनी ऑपेरागृहे बांधली, वडील न्यूयॉर्कमधील एक मोठे नाट्यगृह चालवीत. आणि म्हणूनच वडिलांना मुलगा या धंद्यात नको होता. १९१२ मध्ये तो कोलंबियात दाखल झाला, वकील होण्यासाठी. १९१४ मध्ये वडील वारले. मुलगा व्हर्सिटी शोमध्ये उतरला, तरी कायद्याच्या वर्गात जातही राहिला, आणि १९१७ मध्ये ते शिक्षण अर्धवट टाकून काकांच्या नाटक कंपनीत साहाय्यक रंगमंच-व्यवस्थापक झाला. दहा वर्षांनी त्याने 'शो बोट' लिहिले. वर्णद्वेष आणि मोडलेले संसार म्युझिकलमध्ये मांडता येतात, हे त्या नाटकाने दाखवले. तीन वर्षांनंतर, म्हणजे १९२० मध्ये, त्याच कोलंबियाच्या व्हर्सिटी शोला चाली दिल्या त्या सतरा वर्षांच्या रिचर्ड रॉजर्सने. पदे लॉरेन्झ हार्टची होती आणि हार्ट त्याच विद्यापीठात पत्रकारिता शिकून, पदवी न घेता बाहेर पडलेला होता. रॉजर्सने मात्र एक वेगळी गोष्ट केली. वर्षभरातच कोलंबिया सोडून तो संगीताच्या संस्थेत गेला, ज्या संस्थेची पुढे ज्युलियार्ड झाली. वकिलीतून पळालेला हॅमरस्टाइन आणि रीतसर संगीत शिकलेला रॉजर्स १९४३ मध्ये 'ओक्लाहोमा!'साठी एकत्र आले, तेथून पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

आता कन्येचा प्रश्न. हे सारे लिहिणारे आणि चाली बांधणारे. गाणारे-नाचणारे कोठून येत?

ते येत फिरत्या कंपन्यांतून, व्होडव्हिलच्या रंगमंचावरून, नाचगाण्याच्या क्लबांतून. ती शिक्षणपद्धती आपल्या नाटक मंडळींसारखीच होती. लहानपणी शिरायचे, थोरांच्या पाठीमागे विंगेत उभे राहून शिकायचे आणि जे अंगी लागेल तेवढेच आपले. पुस्तकी विद्येला तेथे जागा नव्हती. अपवाद म्हणून एथेल मर्मनचे नाव घ्यावेसे वाटते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ही मुलगी हायस्कूलमध्ये लघुलेखन आणि टंकलेखन शिकली, एका कंपनीत स्टेनोग्राफर म्हणून लागली, रात्री क्लबात गाऊ लागली आणि १९३० मध्ये 'गर्ल क्रेझी'तून एका रात्रीत नावारूपाला आली. हिच्याजवळ 'मायनर' होते म्हणायचे. पण मर्मनने संगीताचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, हेही तितकेच खरे.

पुढे दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे शिकायची जागाच बंद होऊ लागली. बोलपटाने व्होडव्हिलचा गळा आवळला आणि त्या कलेचे काशी-क्षेत्र मानले जाणारे न्यूयॉर्कचे पॅलेस नाट्यगृह १९३२ च्या अखेरीस सिनेमागृह झाले. दुसरी गोष्ट म्हणजे नाटकाची मागणी वाढली. 'ओक्लाहोमा!'मध्ये नायिकेचे स्वप्न नृत्यातून दाखवले, तेव्हा तिच्या जागी नाचणारी स्त्री वेगळी होती; गाणारे गात, नाचणारे नाचत. १९५७ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त जेरोम रॉबिन्सने ही वाटणी मोडली. रस्त्यावरच्या टोळीतील पोराने नाचायचे, गायचे आणि मरायचेही. १९७५ च्या 'अ कोरस लाइन'पर्यंत तर समूहातील शेवटच्या माणसालाही तिन्ही अंगे यावीत हे गृहीतच धरले गेले. जी विद्या कंपनी शिकवीत असे ती आता अधिक अवघड झाली होती आणि शिकवायला कंपनी उरली नव्हती.

ती जागा विद्यापीठाने घेतली. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९१४ पासून नाट्यशिक्षणाची पदवी होतीच, पण म्युझिकल तेथेही बराच काळ वर्गाबाहेरच राहिले. 'पिपिन'चा संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ १९६८ मध्ये तेथून नाटकाची पदवी घेऊन बाहेर पडला. 'पिपिन'चे पहिले रूप मात्र त्याने तेथील विद्यार्थी क्लबात उभे केले होते. त्याच १९६८ साली सिनसिनाटीच्या जुन्या संगीत महाविद्यालयात म्युझिकल थिएटरचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला; अमेरिकेतील अशा अभ्यासक्रमांत तो पहिला मानला जातो. हे महाविद्यालय सहाच वर्षे आधी विद्यापीठात विलीन झाले होते. मिशिगन विद्यापीठात १९८४ मध्ये असाच अभ्यासक्रम निघाला आणि पुढे गावोगावी निघत गेले.

आमच्या मते सारा घोटाळा येथे आहे. या पदवीला कपडे विद्यापीठाचे आहेत. पिंड मात्र नाटक मंडळीचा आहे. क्लब ही गोष्ट दुसऱ्या विद्येच्या जोडीनेच जगत असे. ती विद्या काढून घेतली तर क्लबला सभासदच मिळाले नसते. कंपनीला मात्र अख्खा माणूस लागतो. बाप विचारतो कॉलेजला, उत्तर देते कंपनी.

याचे गणित मांडून पाहावे. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. बीएफए या व्यावसायिक पदवीत त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे ८० च्या आसपास, गाणे, नाच, अभिनय आणि त्यांची पोषक अंगे यांना जातात. उरलेल्या ४० मध्ये सर्वांना सक्तीचे इंग्रजी, विज्ञान, इतिहास वगैरे बसवायचे. मायनरला १५ ते २० क्रेडिट लागतात, ते ओढूनताणून बसते. दुसऱ्या मेजरला ३० च्या पुढे, आणि संगणकशास्त्रासारख्या विषयाला त्याहूनही बरेच अधिक. ते चार वर्षांत बसत नाही. पाचवे वर्ष आणि त्याची फी आली. शिवाय क्रेडिटांपेक्षा वेळापत्रक अधिक निर्दय असते. सकाळी नृत्य, दुपारी गायन आणि प्रवेशाचा सराव, संध्याकाळी तालीम. प्रयोगशाळा असलेल्या शास्त्रविषयाला यात फट सापडत नाही. त्याउलट साध्या बीए पदवीत मेजरचा वाटा निम्म्याहून कमी असतो आणि तेथे दुसरे मेजर सुखाने नांदते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने अनेक वर्षे मधला मार्ग धरला. नाट्य किंवा गायन हे मेजर घेऊन यायचे आणि निवड झाली तर म्युझिकलचे प्रमाणपत्र जोडून घ्यायचे. तेथे १९२९ पासून विद्यार्थी दरवर्षी स्वतःचा संगीत-रंजनाचा खेळ उभा करतात. त्या खेळासाठी गाणी लिहिणारा शेल्डन हार्निक तेथे व्हायोलिनची पदवी घेत होता. त्याने पुढे कोणत्या नाटकाची पदे लिहावीत? 'फिडलर ऑन द रूफ'ची, १९६४ मध्ये. नियतीला कधी कधी कोटी करण्याचा मोह आवरत नाही.

दुसरा विषय 'अडीअडचणीला' घ्यावा, असे सारे आईबाप म्हणतात. आम्हांला त्यात गैर वाटत नाही. भाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि भूमिका दर महिन्याला मिळत नाही. पण इतिहासात डोकावले तर दुसऱ्या विषयाचे खरे काम पोट भरण्यापलीकडचे दिसते. शर्मन एडवर्ड्स पियानो वाजवीत असे, लोकप्रिय गाण्यांना चाली देत असे आणि काही काळ शाळेत इतिहास शिकवीत असे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर, दाढीमिशा नसलेल्या वादविवादी वकिलांवर, म्युझिकल करावे असे इतिहासाच्या मास्तरावाचून कोणाच्या डोक्यात येणार? त्याचे '१७७६' हे नाटक १९६९ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट म्युझिकल ठरले.

आणि स्टीफन सॉन्डहाइम. हा शाळकरी मुलगा पेनसिल्व्हेनियात हॅमरस्टाइनच्या शेजारी वाढला. नाटक कसे लिहावे हे त्याला हॅमरस्टाइनने शिकवले, घरच्या घरी. पण १९४६ मध्ये विल्यम्स कॉलेजात जाताना त्याची ओढ गणिताकडे होती. तेथे रॉबर्ट बॅरो नावाचे एक रुक्ष प्राध्यापक संगीत शिकवीत. इतर मुलांना ते कंटाळवाणे वाटत. याला त्यांनी झपाटले, कारण संगीत हे स्फुरण नसून रचना आहे, तिचे नियम आहेत, ती शिकता येते, असे ते सांगत. सॉन्डहाइमने संगीत हेच मेजर केले, १९५० मध्ये पदवी घेतली आणि मिळालेल्या शिष्यवृत्तीवर तो मिल्टन बॅबिट यांच्याकडे शिकायला गेला. बॅबिट हे अत्यंत दुर्बोध आधुनिक संगीताचे रचनाकार. प्रिन्स्टनमध्ये संगीत शिकवता शिकवता महायुद्धाच्या काळात त्यांनी तेथे गणितही शिकवले होते, आणि गंमत म्हणजे स्वतः एक म्युझिकल लिहिण्याचाही उद्योग केला होता. गुरुशिष्य बसून जेरोम कर्नची गाणी स्वर-स्वर सोडवून पाहत. सॉन्डहाइमने गणित सोडले, असे म्हणण्यापेक्षा त्याने ते पदांत आणि चालींत नेले, असे म्हणावे. फावल्या वेळात हाच गृहस्थ १९६८-६९ मध्ये एका साप्ताहिकासाठी महाबिकट शब्दकोडी रचीत असे.

सॉन्डहाइम २०२१ मध्ये गेला. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा टॉम लेहरर जुलै २०२५ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला. त्याच्याविषयी थोडे अधिक लिहिल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. लेहररने अठराव्या वर्षी हार्वर्डची गणिताची पदवी घेतली. विद्यार्थी असतानाच तो खट्याळ उपहासगीते रचून पियानोवर म्हणू लागला आणि त्या गाण्यांनी त्याला जगभर नाव दिले. त्याने गणितातील पीएच.डी. पुरी केली नाही आणि गवई म्हणून दौरे काढण्याचाही त्याला लवकरच कंटाळा आला. मग १९७२ पासून पुढे जवळजवळ तीन दशके तो कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथील विद्यापीठात दोन विषय शिकवीत राहिला: गणित आणि अमेरिकन म्युझिकल. एका वर्गात गणिताला घाबरणाऱ्या मुलांना त्याचे स्वरूप समजावून द्यायचे, दुसऱ्या वर्गात मुलांकडून जुनी म्युझिकल्स वाचून-गाऊन घ्यायची. कोणता विषय मुख्य आणि कोणता दुय्यम? त्याने उत्तर देण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही वर्ग घेतले.

एवढे सगळे लिहून आम्ही स्नेह्यांना पाठवले, तेव्हा कन्येनेच उलट टपाली आम्हांला दोन नावे कळवली: बेंज पासेक आणि जस्टिन पॉल. हे दोघे मिशिगनचे शुद्ध बीएफए, दुसरे मेजर वगैरे काही नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या नाटकात किरकोळ भूमिका वाट्याला आल्या म्हणून रागावून त्यांनी स्वतःच २००५ मध्ये एक गीतमाला रचली आणि तेथून ते 'डियर एव्हन हॅन्सन'पर्यंत पोचले. आमचा लिहिणारे आणि गाणारे हा भेद त्यांच्यापाशी टिकत नाही, हे कबूल केले पाहिजे. तरी त्यांनाही अभ्यासक्रमाबाहेर काही करावेच लागले, एवढी पळवाट आम्ही शोधून ठेवली आहे.

कन्येने अखेर बीए देणारे एक लहानसे कॉलेज निवडले. एक मेजर नाटक, दुसरे इतिहास. वडिलांसाठी म्हणून संगणकशास्त्राचा एक कोर्स तेवढा घेतला आहे. परवा वहिनींचा फोन आला होता. त्या कोर्सची लॅब गुरुवारी संध्याकाळी नेमकी तालमीच्या वेळी येते, आणि ती बदलून मिळेल काय याची चौकशी सध्या आमचे स्नेही स्वतः करीत आहेत.